सोरायसिस आणि चयापचयाचे विकार : परस्परसंबंधाचा आढावा

प्रस्तावना :
सोरायसिस हा केवळ त्वचेचा विकार आहे, असा समज समाजात दीर्घकाळ रूढ आहे. कोपर, गुडघे, टाळू व कंबर येथे उमटणारे लालसर, जाड चट्टे आणि त्यांवरील चंदेरी खपल्या हे या आजाराचे दृश्य रूप होय. हा आजार संसर्गजन्य नाही. तरीही रुग्णाशेजारी बसण्यास लोक कचरतात आणि रुग्णही अंगभर कपड्यांत आजार लपवितो. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य राष्ट्रांनी ठरावाद्वारे सोरायसिसची दखल दीर्घकालीन, असंसर्गजन्य व वेदनादायी आजार म्हणून घेतली. या आजाराचा मधुमेह, स्थूलता व हृदयविकार यांच्याशी असलेला संबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चयापचय लक्षणसमूह म्हणजे काय? :
कमरेचा वाढलेला घेर, १५० मिलिग्रॅम वा अधिक ट्रायग्लिसराइड्स, एचडीएल कोलेस्टेरॉलची कमतरता, १३०/८५ वा त्याहून अधिक रक्तदाब आणि उपाशीपोटी १०० मिलिग्रॅम वा अधिक रक्तशर्करा, या पाचांपैकी कोणतेही तीन घटक एकत्र आढळल्यास त्यास 'मेटाबॉलिक सिंड्रोम' अर्थात चयापचय लक्षणसमूह म्हणतात. दक्षिण आशियाई लोकांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर मानली जाते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात सोरायसिसच्या रुग्णांमध्ये हा लक्षणसमूह असण्याचे शक्यता-गुणोत्तर इतरांच्या तुलनेत सुमारे सव्वादोन आढळले.

संबंधाची जैविक बाजू :
निरोगी त्वचेची पेशी तयार होऊन गळून पडण्यास साधारणतः चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये हेच चक्र काही दिवसांत पूर्ण होते. यामागे रोगप्रतिकार यंत्रणेची अवाजवी सक्रियता असते. टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१७ व इंटरल्यूकिन-२३ ही प्रथिने दाह सतत पेटता ठेवतात. हा दाह त्वचेपुरता मर्यादित राहत नाही. टीएनएफ-अल्फामुळे इन्सुलिनच्या कार्यात अडथळा येतो, तर रक्तवाहिन्यांच्या आतील स्तरावरही दाहाचा परिणाम होतो. दुसरीकडे, स्थूल व्यक्तीच्या शरीरातील मेदही अशीच दाहकारक द्रव्ये स्रवतो. म्हणजेच दोन्ही विकार एकाच इंधनावर चालतात.

पुराव्यांचे स्वरूप व मर्यादा :
ब्रिटनमधील सुमारे १ लाख ३० हजार सोरायसिस रुग्णांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार तीव्र सोरायसिस असलेल्या तीस वर्षीय व्यक्तीस हृदयविकाराच्या झटक्याची सापेक्ष जोखीम सुमारे तिप्पट, तर साठ वर्षीय व्यक्तीस सुमारे १.४ पट होती. सौम्य आजारात ही वाढ बरीच कमी होती. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तिशीत अशा झटक्याचे प्रमाण मुळातच अल्प असते. त्यामुळे 'तिप्पट' या शब्दाने भयभीत होण्याचे कारण नाही. मात्र तरुण वयाच्या आधारावर तपासणी टाळणेही योग्य नव्हे.

सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे संशोधनाचे मूलतत्त्व येथेही लागू पडते. २०१९ मधील एका जनुकाधारित अभ्यासात वजन-उंची निर्देशांकातील प्रत्येक एककाच्या वाढीमागे सोरायसिसची शक्यता सुमारे ९ टक्क्यांनी वाढत असल्याचे आढळले. उलटपक्षी, सोरायसिसच्या जनुकीय प्रवणतेमुळे वजन वाढते, यास फारसा आधार मिळाला नाही. तथापि सडपातळ व्यक्तींनाही सोरायसिस होतो. त्यामुळे आजाराचे खापर रुग्णाच्या खाण्यापिण्यावर फोडणे अशास्त्रीय ठरते.

उपचारविषयक परिणाम :
डेन्मार्कमध्ये ६० स्थूल रुग्णांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी उष्मांकाच्या आहाराने १६ आठवड्यांत वजन लक्षणीय घटले व जीवनमान सुधारले. चट्ट्यांतील सुधारणेचा कल अनुकूल होता. परंतु तो संख्याशास्त्रीय निकषावर थोडक्यात अपुरा ठरला. म्हणून वजन-नियंत्रण हे औषधांस पूरक आहे, पर्याय नव्हे.

औषधांची निवडही चयापचयाशी निगडित आहे. स्थूलता, मधुमेह वा मद्यपान असल्यास मेथोट्रेक्सेटमुळे यकृतास इजा होण्याचा धोका वाढतो. सायक्लोस्पोरिनने रक्तदाब, तर ॲसिट्रेटिनने ट्रायग्लिसराइड्स वाढू शकतात. स्टिरॉइडच्या गोळ्या परस्पर घेतल्यास रक्तशर्करा वाढते आणि त्या अचानक थांबविल्यास सोरायसिस उफाळून येऊ शकतो.

समारोप :
२०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल मार्गदर्शक तत्त्वांनी सोरायसिसचा समावेश हृदयविकाराची जोखीम वाढविणाऱ्या घटकांत केला. परंतु मलम लिहून घेऊन परतणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब मोजलाच गेला नाही, तर या ज्ञानाचा उपयोग शून्य ठरतो. मोजपट्टी, रक्तदाबमापक आणि रक्तशर्करा व मेद यांची तपासणी एवढ्या साध्या साधनांनी धोका वेळीच ओळखता येतो. आपल्या सहकाऱ्याच्या वा विद्यार्थ्याच्या हातावर असे चट्टे दिसल्यास त्याला दूर न ठेवता ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचविणे, हे शिक्षकाचेही कर्तव्य ठरते.