किनाऱ्यावरचा जागता पहारा

लाटा फुटत असताना मधलाच एखादा पट्टा शांत दिसतो आणि पर्यटक नेमके तिथेच उतरतात. प्रत्यक्षात लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी त्याच वाटेने वेगाने खोल समुद्राकडे परतत असते.

गोव्यात जीवरक्षक सेवा चालवणाऱ्या दृष्टी मरीनने २०२३ मध्ये मदतीला दोन यंत्रणा आणल्या. ‘ऑरस’ हा स्वयंचलित रोबो पोहण्यास मनाई असलेल्या भागात गस्त घालून पर्यटकांना सावध करतो. ‘ट्रायटन’ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे अशा भागांवर नजर ठेवून जवळच्या जीवरक्षकाला इशारा देते.

पाण्यात उडी मात्र माणसालाच घ्यावी लागते. म्हणून जीवरक्षकांची नजर असलेल्या लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधेच पोहा. समुद्राकडे परतणाऱ्या प्रवाहात सापडलात तर त्याच्याशी झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा.