तुराटीची बंदूक

सोलापूरहून तुळजापूरच्या रस्त्याला लागले की साधारण निम्मी वाट सरता सरता तामलवाडी येते. आता तेथे टोलनाका झाला असल्यामुळे मोटारी क्षणभर थांबतात, आणि त्या थांब्यापलीकडे या गावाची ओळख करून घेण्याचे प्रयोजन बहुतेक प्रवाशांना उरत नाही. परंतु १९४८ पूर्वी हा सारा टापू निजामाच्या अमलाखालील उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे व थोड्या कोसांवर इंग्रजांचा मुलूख लागे; त्यामुळे हद्द, करोडगिरी, झडती हे शब्द आमच्या घरातील वृद्धांच्या बोलण्यात, ती हद्द नाहीशी झाल्यावरही, कित्येक वर्षे नांदत होते. अशा सरहद्दीवरच्या गावातील मुले लढाई-लढाई खेळली यात नवल ते काय? नवल याचे की, जी लढाई आमच्या वाडवडिलांनी उंबऱ्याशी अनुभवली ती आम्ही कधीच खेळलो नाही. खेळलो त्या साऱ्या दूरच्या आणि बहुतांशी कागदावरच्या लढाया.

१९७१ च्या डिसेंबरात, ३ तारखेपासून १६ तारखेपर्यंत, जे युद्ध झाले त्या तेरा दिवसांत मी दहा वर्षांचा होतो. रेडिओभोवती मोठी माणसे कोंडाळे करून बसत, आणि बातम्या संपल्या की त्यांतील निम्मेशिम्मे कळलेले शब्द घेऊन आम्ही ओढ्याकडे धाव घेत असू. आमचा शस्त्रसाठा शेतातूनच निघे: तुरीची वाळलेली तुराटी ही बंदूक, नांगरटीतले ढेकूळ हा हातबाँब, कडब्याची गंज हा गड आणि बांधाकडेचा चर हा खंदक. ज्याच्या घरी दिवाळीतले टिकल्यांचे पिस्तूल शिल्लक असे तो विनाचौकशी सेनापती होई, कारण त्याच्याजवळ आवाज होता, बाकीच्यांना तो तोंडाने काढावा लागे. एखाद्याने नेम धरून ‘मेलास!’ म्हटले की मरणाऱ्याने मरायचे, असा दंडक होता. तथापि तो पाळण्यापेक्षा त्याविषयीचे भांडणच अधिक वेळ चाले. गोळी दंडाला लागली की छातीला, याचा निवाडा होईपर्यंत कडूसे पडे आणि मेलेले-जिते सारे भाकरीसाठी घराकडे वळत.

या खेळाला पुस्तकांची जोड मिळाली ती सोलापुरात शिकणाऱ्या एका मावसभावाकडून. सुटीत येताना तो भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेला गठ्ठा बरोबर घेऊन येई. चांदोबा आम्हांस पूर्वीपासून परिचित होता; पण १९६४ पासून निघू लागलेल्या इंद्रजाल चित्रकथांतील डेंकालीच्या अरण्यातला वेताळ, आणि अनंत पै यांनी १९६७ साली आरंभिलेल्या अमर चित्र कथेतील धनुर्धर व खड्गधारी वीर, ही सृष्टी आम्हांस सर्वस्वी नवीन होती. त्याहून मोहक होत्या त्या ‘कमांडो’ नावाच्या तळहाताएवढ्या काळ्या-पांढऱ्या पुस्तिका. स्कॉटलंडमधील डंडी शहरी डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेने १९६१ साली सुरू केलेली ही मालिका, साठाच्या वर पानांच्या त्या चिमुकल्या आकारात, प्रत्येक अंकी दुसऱ्या महायुद्धातील एखादी संपूर्ण कथा सांगे. आम्हांस इंग्रजी येत नव्हते. परंतु मरणाऱ्याच्या तोंडून निघणाऱ्या आरोळीस भाषांतर लागत नाही, आणि ‘हँडसप’ हा एकच शब्द मानून आम्ही तो ओढ्याकाठी बिनदिक्कत वापरत होतो.

त्या पुस्तिकांत एक उणीव होती, ती मला फार पुढे उमगली. माझ्या हाती आलेल्या अंकांत हिंदी शिपाई जवळजवळ नव्हताच. वास्तविक माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे इटलीच्या रणभूमीवर १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले आणि नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये त्याच देशात पराक्रम गाजविला. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आम्ही मात्र तुराट्या खांद्यावर टाकून गोऱ्या सार्जंटांची सोंगे वठवीत होतो.

आणि आमच्या दाराशी झालेले युद्ध? १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या अधिपत्याखालील हिंदी फौज सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरली. बोरी नदीवरील पूल शाबूत हाती आला, नळदुर्ग पडला, आणि दुसऱ्या एका तुकडीला तुळजापुरात निजामाच्या शिपायांनी व सुमारे दोनशे रझाकारांनी दोन तास झुंजविले. १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. त्यापूर्वी रझाकारांनी या मुलखात केलेले अत्याचार सर्वश्रुत आहेत. त्यानंतर मुसलमान रयतेवर जो प्रसंग ओढवला तो तितका सर्वश्रुत नाही: त्याच वर्षाअखेर भारत सरकारने धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला, आणि सर्वाधिक पोळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घातले. तो अहवाल अनेक दशके दप्तरात बंद होता. माझ्या आजोबांनी त्या सप्टेंबराविषयी शब्दही काढला नाही. खेळून आलेल्या आम्हां पोरांच्या हातांतल्या तुराट्या मात्र ते मुकाट्याने काढून घेत व चुलीकडे टाकीत.

आता आमच्या पिढीतील माणसे जमली की त्या चित्रपुस्तिकांची आठवण निघते, डोळे ओलावतात, कोणी जुने अंक अव्वाच्या सव्वा दराने मिळवतो. यात मला गैर वाटत नाही. त्या दुपारी खरोखरच रम्य होत्या. परंतु स्मृतिरंजन करणारा मनुष्य स्वतःला नेहमी सेनापती म्हणून आठवतो, ही त्याची लबाडी आहे. प्रत्येक लढाईस शत्रू लागे, आणि शत्रू व्हायला राजीखुशीने कोणीही तयार नसे; तेव्हा ती कामगिरी वयाने लहान, अंगाने अशक्त किंवा इतरांहून निराळ्या घरच्या मुलाच्या गळ्यात पडे. आमच्यात एका तांबोळ्याचा मुलगा होता. मावळे-मोगल खेळताना तो मोगल, वर्तमानपत्रातले युद्ध खेळताना पाकिस्तानी, आणि कमांडो खेळताना जर्मन. धावण्यात तो आम्हां सर्वांहून चपळ होता, नेमही त्याचा चांगला होता. चार वर्षे तो आमच्याबरोबर खेळला आणि त्या चार वर्षांत आम्ही त्याला एकदाही आमच्या बाजूला घेतले नाही.