पॉवरग्लाइड उतरवताना

1966 सालच्या शेव्हरोले शेव्हेलमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल, तर तो पॉवरग्लाइडच असणार. गिअर दोनच. आज साध्या मोटारीतही सहा-आठ गिअर असतात, त्यामुळे हा आकडा ऐकून नव्या मालकाला आपण फसलो की काय असं वाटतं. तसं वाटून घ्यायचं कारण नाही. पॉवरग्लाइड हे विचार करून बनवलेलं, दणकट यंत्र आहे. तो उतरवून तिथे दुसरा गिअरबॉक्स चढवण्याआधी हे दोन गिअर मुळात पुरत कसे होते, ते समजून घ्यायला हवं.

ते पुरत होते टॉर्क कन्व्हर्टरमुळे. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगरने 1905 च्या सुमारास ही कल्पना मांडली, तीही जहाजांसाठी. टर्बाइन फार वेगाने फिरतं, पंखा सावकाश फिरायला हवा. या दोघांची गाठ तेलाच्या प्रवाहातून घालायची. मोटारीतही हेच चालतं. इंजिन एक पंखा फिरवतं, त्याने भिरकावलेलं तेल समोरच्या पंख्यावर आदळतं, आणि मधला तिसरा छोटा पंखा, म्हणजे स्टेटर, परतणाऱ्या तेलाची दिशा अशी वळवतो की गाडी जागेवरून उठताना इंजिनाचा जोर सुमारे दुप्पट होऊन चाकांकडे जातो. त्यावर पॉवरग्लाइडच्या पहिल्या गिअरचं 1.82 हे गुणोत्तर चढलं की चढावरही गाडी रेंगाळत नाही. शेव्हरोलेने 1950 साली हा गिअरबॉक्स आणला आणि स्वस्त गाड्यांच्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच क्लचच्या पेडलपासून सुटका मिळाली. पहिली तीन वर्षं तर नेहमीच्या ‘ड्राइव्ह’मध्ये गाडी थेट वरच्या गिअरमध्येच निघायची, सगळा भार कन्व्हर्टरवर. 1953 पासून ती खालच्या गिअरमध्ये निघून आपोआप वर जाऊ लागली. पुढे 1962 मध्ये ओतीव लोखंडाचं कवच जाऊन ॲल्युमिनियमचं आलं, आणि 1973 पर्यंत हा गिअरबॉक्स बनत राहिला. तेवीस वर्षं टिकलेल्या यंत्राला कुणी कच्चं म्हणू नये.

मग तो बदलायचा कशाला? रस्ते बदलले म्हणून. अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचा कायदा 1956 साली झाला. पॉवरग्लाइडची जन्मवेळ त्याच्या आधीची, गावातून जाणाऱ्या दुपदरी रस्त्यांची. आज तीच गाडी महामार्गावर तासाला 105 किलोमीटरने चालवली, मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर 3.31 आणि टायरचा व्यास 26 इंच धरला, तर इंजिन मिनिटाला सुमारे 2,800 फेरे घेतं. तासभर ठीक आहे. चार तासांच्या प्रवासात मात्र तो आवाज डोक्यात बसतो आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. 0.70 चा चौथा गिअर मिळाला तर त्याच वेगाला फेरे साडेएकोणीसशेच्या आसपास येतात. इंजिन तेच, गाडी तीच, पण मालक पुढच्या राज्यापर्यंत जायला तयार होतो. जुन्या गाड्या वापरातून जातात त्या बहुतेक वेळा मोडल्यामुळे नव्हे. बाहेर काढणं नकोसं झाल्यामुळे त्या झाकून ठेवल्या जातात. म्हणून हा बदल मला गाडीशी केलेली प्रतारणा वाटत नाही.

मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी 12 ऑगस्ट 1953 हा दिवस आठवावा. त्या दिवशी मिशिगनमधल्या लिव्होनिया इथला जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्सचा कारखाना आगीत भस्मसात झाला. गाड्या तयार आणि गिअरबॉक्स नाहीत. तेव्हा कंपनीनेच कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलमध्ये ब्यूकचा डायनाफ्लो बसवला, पाँटिॲकमध्ये पॉवरग्लाइड बसवला आणि गाड्या विकल्या. एका गाडीत दुसरीचा गिअरबॉक्स घालण्याची वाट कारखान्यानेच पाडून दिली आहे.

शेव्हेलच्या मालकापुढे साधारण तीन पर्याय असतात. पहिला टर्बो-हायड्रामॅटिक 350, 1969 चा, तीन गिअरचा. सहा इंची शेपटाचा नमुना घेतला तर लांबी पॉवरग्लाइडएवढीच, सुमारे पावणेअठ्ठावीस इंच. मागच्या दांड्याच्या स्प्लाइन तेवढ्याच, सत्तावीस. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जुनाच चालतो. पहिला गिअर 2.52 चा असल्याने गाडी सिग्नलवरून चपळ उठते, पण वरचा गिअर पुन्हा एकास एकच. महामार्गावरचा आवाज तसाच राहतो. उरलेले दोन पर्याय तेलटंचाईने दिले. 1973 च्या अरब तेलबंदीनंतर वेगमर्यादा आली, 1975 मध्ये इंधनबचतीचा कायदा आला, आणि जनरल मोटर्सला चौथा, ओव्हरड्राइव्हचा गिअर द्यावा लागला: 1981 मध्ये 200-4आर, 1982 मध्ये 700आर4.

700आर4 जास्त प्रसिद्ध, सुटे भागही मुबलक. पण तो सुमारे पावणेएकतीस इंच लांब. शाफ्ट तीन इंच कापून, जोडून, पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो. शिवाय त्याचा पहिला गिअर 3.06 आणि दुसरा एकदम 1.63, या दोघांमधली दरी गाडी चालवताना जाणवते. 200-4आर ची लांबी 350 एवढीच आहे. गुणोत्तरं 2.74, 1.57, 1 आणि 0.67, म्हणजे पायऱ्या जास्त सारख्या. ब्यूकच्या टर्बो इंजिनाच्या ग्रँड नॅशनलमध्ये हाच गिअरबॉक्स होता, तेव्हा तो नाजूक आहे हे म्हणणंही सरसकट खरं नाही. त्याचं माउंटिंग बरंच मागे आहे, त्यामुळे आडवा क्रॉस मेंबर मागे सरकवावा लागतो. पण ते काम बोल्टचं आहे, कापाकापीचं नाही. शेव्हेलसाठी माझं मत त्याच्या बाजूने पडतं.

आता प्रत्यक्ष काम. गाडी चार स्टँडवर, तेल काढलेलं, शाफ्ट बाहेर, कन्व्हर्टरचे बोल्ट सुटलेले, जुना गिअरबॉक्स जॅकवर खाली आलेला. इथपर्यंत जोर लागतो, पण कसब फारसं नाही. कसब लागतं नवा चढवण्याआधीच्या दहा मिनिटांत. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तोंडात बसवायचा असतो आणि तो एका दमात बसत नाही. आत एकामागे एक तीन जागी गाठ पडावी लागते: स्टेटरच्या नळीच्या स्प्लाइन, इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन, आणि सगळ्यात शेवटी तेलपंपाच्या खाचा. कन्व्हर्टर दोन्ही हातांनी धरून, किंचित आत दाबत, गोल फिरवत राहायचं. एक ठोका लागतो, तो थोडा आत जातो. मग दुसरा. इथे बसला असं वाटून नवशिका थांबतो. शेवटचा ठोका मिळेपर्यंत थांबायचं नाही. तो न मिळताच गिअरबॉक्स इंजिनाला भिडवला तर मध्ये फट राहते, आणि ती बोल्ट आवळून मिटवायला गेलं की पंप आतल्या आत फुटतो. बरोबर बसल्याची खूण उलटी आहे. गिअरबॉक्सचे सगळे बोल्ट आवळून झाल्यावरही कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि त्याच्यात नि इंजिनाच्या फ्लेक्सप्लेटमध्ये साधारण अष्टमांश इंचाची फट दिसली पाहिजे. ती दिसली की मगच कन्व्हर्टर पुढे ओढून त्याचे बोल्ट लावायचे.

चार गिअरच्या दोन्ही गिअरबॉक्समध्ये आणखी एक जागा आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल. जुन्या 350 लाही एक केबल असते, पण ती फक्त एक्सलरेटर पूर्ण दाबल्यावर गिअर खाली उतरवते. ढिली राहिली तरी फार बिघडत नाही. ही केबल दिसायला तशीच असली तरी तेलाचा दाब ठरवते. पाय जेवढा दाबला जाईल, तेवढी ती ओढली जाते आणि तेवढा आतल्या क्लचच्या तबकड्यांवरचा दाब वाढतो. एक्सलरेटर पूर्ण दाबल्यावर केबल पूर्ण ताणलेली हवी. जुन्या कार्ब्युरेटरचा दांडा या केबलसाठी बनलेलाच नसतो, म्हणून तिचा टोकाचा खिळा योग्य अंतरावर आणणारी वेगळी पट्टी लावावी लागते. ती पट्टी टाळून तारेने किंवा वायसरने जुळवाजुळव केली तर गाडी पहिल्या दिवशी छान चालते, गिअरही बदलते. फक्त तबकड्या पुरेशा दाबाविना घसरत राहतात आणि जळतात. खोललं की तेल काळं आणि जळका वास. मग ‘700आर4 टिकत नाही’ अशी बोलवा पसरते. त्यातले कित्येक गिअरबॉक्स या केबलने मेलेले असतात.

बाकीची कामं किरकोळ पण टाळता न येणारी. स्टिअरिंगवरच्या पट्टीवर पाचच खुणा असतात, त्या नव्या गिअरच्या जागांशी जुळवायच्या. पार्क आणि न्यूट्रलखेरीज स्टार्टर फिरता कामा नये, त्याचा स्विच तपासायचा. स्पीडोमीटरचा प्लास्टिकचा छोटा गिअर दात्यांप्रमाणे बदलायचा. चौथ्यात कन्व्हर्टर लॉक करणारी वायर ओढायची. ती न ओढता चौथ्यात गाडी पळवली तर तेल तापतं. तेल नवं भरायचं हे वेगळं सांगायला नको, पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. 1966 साली या गिअरबॉक्समध्ये जे तेल जायचं, त्यात स्पर्म व्हेलचं तेल मिसळलेलं असे. तबकड्यांनी झटका न देता पकड घ्यावी म्हणून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्यावर बंदी घातली आणि तेल कंपन्यांना पर्याय शोधावे लागले. एका मऊ गिअर बदलासाठी देवमासे मारले जात होते, हे वाचल्यापासून तो काळ मला पूर्वीइतका गोजिरवाणा वाटत नाही.

या बदलात हातचं काही जातंही. 1966 पर्यंतच्या पॉवरग्लाइडला मागच्या बाजूला दुसरा तेलपंप होता. चाकं फिरली की तो फिरायचा, दाब तयार व्हायचा, म्हणून बॅटरी उतरलेली गाडी ढकलून सुरू करता यायची. ऑटोमॅटिक गाडी, आणि धक्का स्टार्ट! वर सांगितलेल्या तिन्ही गिअरबॉक्सना हे जमत नाही.

भारतातल्या मालकांचा हिशोब जरा वेगळा. शेव्हरोले मुंबईला परकी नाही; 1928 साली जनरल मोटर्सने शिवडीत तिची जुळणी सुरू केली होती. आज मात्र 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ नोंदणी हवी असेल, तर गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार चालत नाही. गिअरबॉक्सचं नाव त्यात घेतलेलं नाही, पण ‘मूळ रूप’ हे शब्द आहेत. म्हणून फ्लोअर कापावा लागेल, चेसिसला गॅस कटर लावावा लागेल असा गिअरबॉक्स घेऊच नये. बोल्टने बसलेलं बोल्टने निघतं.

आणि उतरवलेला पॉवरग्लाइड भंगारात द्यायचा नाही. ड्रॅग रेसवाल्यांना तो आजही हवा असतो: वजनाला हलका, आतले भाग मोजके, इंजिनाची ताकद कमी खाणारा, आणि पाव मैलात गिअर एकदाच बदलावा लागणारा. पण गाडीबरोबर कारखान्यातून आलेला असेल, तर त्यांनाही देऊ नये. तेल पूर्ण काढावं, नळ्यांची तोंडं बंद करावीत, कन्व्हर्टर घसरून बाहेर येऊ नये म्हणून पुढे पट्टी बांधावी, गाडीचा क्रमांक लिहून तो कोरड्या जागी ठेवावा, आणि गाडी विकली तर तोही तिच्याबरोबर द्यावा.