जुना सिनेमा बघू या, पण नावं वाचून



आज गप्पा जुन्या सिनेमांच्या. जुनं ते सोनं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. आम्हाला जुन्या सिनेमांचं वेड आहे, तरीही हे म्हणणं आम्हाला सरसकट पटत नाही. सोनं घेतानासुद्धा आपण कस लावून बघतो, मग सिनेमा तसाच का सोडायचा? आमचा कस तीन प्रश्नांचा आहे. या सिनेमात बाईचे कष्ट दिसतात का? तिला "नाही" म्हणता येतं का? आणि तिनं केलेल्या कामाला तिचं नाव लागतं का? हे प्रश्न मनात ठेवून बघितलं की तोच सिनेमा वेगळा दिसू लागतो.

पहिल्या सिनेमामागची बाई

दादासाहेब फाळके यांचं नाव शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. आपल्या देशातला हा पहिला मोठा कथापट. त्याच्या मागे सरस्वतीबाई फाळके होत्या, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतं.

पैसा उभा करायला सरस्वतीबाईंचे दागिने गेले, ही झाली एक गोष्ट. त्या काळी कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडून घ्यावी लागत, कारण त्याच भोकांवर फिल्म यंत्रातून पुढे सरकते. अंधारात बसून करायचं हे किचकट काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुण्याची रसायनं कालवायलाही शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पडावा म्हणून पांढरी चादर धरून त्या उभ्या राहत. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच! घरचं काम, धंद्यातलं काम आणि भांडवल हे तिन्ही एकाच बाईचं. आपल्या गटात शेवया, पापड, मसाले करणाऱ्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या सिनेमात तारामतीचं काम मात्र अण्णा साळुंके या पुरुषानं केलं. सिनेमात यायला बायका तयारच नव्हत्या. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पण फाळक्यांच्या पुढच्याच चित्रपटात, म्हणजे 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी झाली. मायलेकी एकाच पडद्यावर! आपल्या ओळखीचे विक्रम गोखले हे या कमलाबाई गोखल्यांचे नातू. तो सिनेमा आज उरलेला नाही, पण दार त्या दोघींनी उघडलं.

दार उघडलं तरी आत जाणं सोपं नव्हतं. १९३२ साली पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' आला आणि त्यात तारामती झाल्या दुर्गा खोटे. सासर मोठं, पण आर्थिक अडचणीत आलेलं. पदरात दोन मुलं. घरंदाज बाई पडद्यावर येते म्हणून लोकांनी नावं ठेवली. १९३६ च्या 'अमरज्योती' या हिंदी चित्रपटात त्या समुद्रावर लूट करणाऱ्या टोळीची म्होरकी झाल्या. स्वतःच्या मुलाचा ताबा आईला नाकारला जातो, म्हणून ती राज्याविरुद्ध उठते, अशी ती गोष्ट. मुलावर हक्क आईचा की बापाचा, हा प्रश्न १९३६ साली पडद्यावर मांडला गेला होता. याच दुर्गाबाईंना पुढे १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला.

जिजाई आणि नीरा

आता आमच्या दोन आवडत्या सिनेमांकडे येऊ. दोन्ही पुण्याच्या प्रभात कंपनीचे.

पहिला १९३६ चा 'संत तुकाराम'. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस. १९३७ साली इटलीतल्या व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातलं बीजावरचं एक पद शांताराम आठवले यांनी इतकं हुबेहूब लिहिलं, की जाणत्या लोकांनाही तो तुकोबांचाच मूळ अभंग वाटला. सगळे बोलतात ते पागनीसांच्या भक्तीबद्दल. आम्ही बोलतो जिजाईबद्दल.

गौरी या नटीनं केलेली जिजाई आपल्या वस्तीत कुठेही सापडेल अशी आहे. पदर खोचलेला, तोंड फटकळ, हात सतत कामात. पोर आजारी पडतं तेव्हा ती पायातली वहाण हातात घेऊन थेट विठ्ठलाला जाब विचारायला देवळात शिरते. बघणारे हसतात, आणि हसावंच. पण नीट ऐका, तिचं भांडण देवाशी नाही, उपाशी पोरांसाठी आहे. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात, तिलाही चल म्हणतात, तेव्हा ती जात नाही. पोरांचं कोण बघणार? जिजाई कजाग आहे, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. या सिनेमानं तिला कजाग ठेवलं, पण तिची बाजूही दाखवली. आमच्या मते त्या घरात दोन भक्त होते, एक टाळ घेऊन आणि दुसरा चूल फुंकत.

दुसरा सिनेमा १९३७ चा 'कुंकू', दिग्दर्शक व्ही. शांताराम. हाच हिंदीत 'दुनिया न माने' या नावानं आला. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. नीरा ही अनाथ मुलगी. फसवून तिचं लग्न एका म्हाताऱ्या बिजवर वकिलाशी, काकासाहेबांशी, लावून देतात. आता या गोष्टीचं काय झालं असतं? ती रडली असती, नशिबाला बोल लावून संसाराला लागली असती. नीरा तसं करत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असं ती त्याच घरात राहून रोज सांगते. नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. वयानं मोठा असलेला सावत्र मुलगा तिच्यावर वाईट नजर टाकतो, तेव्हा ती छडी उचलून त्याला बदडते.

सिनेमाचा मोठेपणा असा, की काकासाहेब नुसते दुष्ट दाखवलेले नाहीत. केशवराव दात्यांनी ते काम असं केलं आहे, की हळूहळू त्या माणसाला स्वतःची चूक उमगताना आपल्याला दिसते. सावत्र मुलगीही नीराच्या बाजूनं उभी राहते. हे काम शकुंतला परांजपे यांनी केलं आणि प्रत्यक्ष आयुष्यातही त्यांनी कुटुंबनियोजनाच्या कामात अनेक वर्षं घातली. त्या काळी हा विषय काढायलाही लोक लाजत.

शेवट मात्र आम्हाला पूर्ण पटत नाही. काकासाहेब पत्र लिहून तिला दुसरं लग्न करायला सांगतात आणि स्वतःचा जीव देतात. म्हणजे बाईची सुटका व्हायला पुरुषाला मरावं लागलं. ती स्वतःच्या पायांनी त्या घराबाहेर पडली असती तर? यावर गटात जरूर वाद घाला.

'कुंकू' एकदा डोळे मिटून ऐका, असंही आम्ही सुचवतो. बाकी सिनेमांत दुःखाच्या जागी सारंगी रडते, तसं यात नाही. गाणी सोडली तर मागे वाजणारं संगीतच नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरचे आवाज, एवढंच. नको असलेल्या घरात दिवस कसे सरकत असतील, ते त्या टिकटिकीतून कळतं.

शांता आपटे उपोषणाला बसतात

नीरा झाल्या होत्या शांता आपटे. त्या स्वतःच गात. तेव्हाचा बहुतेक नट-नट्यांचा शिरस्ता तोच होता. आधी गाणं आणि अभिनय एकाच वेळी व्हायचा आणि वाजवणारे कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे आडोशाला बसायचे. म्हणून गाता येणाऱ्यांनाच मोठी कामं मिळत. १९३५ च्या सुमारास गाणं आधी वेगळं मुद्रित करून घ्यायची सोय सुरू झाली आणि मग पडद्यावरचा चेहरा एकीचा, गळा दुसरीचा, हे शक्य झालं.

पडद्यावर नकार देणाऱ्या शांताबाईंनी पडद्याबाहेरही तो दिला. १९३९ साली पगार आणि कराराच्या वादातून त्या प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. 'कुंकू'तली लोकप्रिय नटी कंपनीच्या दारात अन्न सोडून बसते, ही बातमी गाजली. पुढे त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहिलं आणि या झगमगाटात काम करणारी माणसंही राबणारीच असतात, हे रोखठोक मांडलं. दोष कुणाचा किती, हा निवाडा आज आपण करायला नको. घ्यायचं ते एवढंच, की कलेला टाळ्या मिळाल्या तरी कामाचा दाम मागावा लागतो, आणि मागण्यात लाज नसते.

गळा तिचा, नाव कुणाचं?

गळा आणि चेहरा वेगळे झाल्यावर नवाच अन्याय सुरू झाला. १९४९ साली 'महल' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यातलं झोपाळ्यावरचं गाणं देशभर गाजलं. पण तबकडीवर गाणारीचं नाव होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव! हे गातंय कोण, अशी पत्रं ऐकणाऱ्यांनी रेडिओला पाठवली आणि रेडिओनं शोध घेऊन नाव सांगितलं, लता मंगेशकर. ऐकणाऱ्यांच्या साध्या पत्रांत केवढी ताकद असते बघा! पुढे लताबाईंनी गाणाऱ्यांच्या नावासाठी आणि पैशांतल्या वाट्यासाठी भांडण धरून ठेवलं. फिल्मफेअरच्या बक्षिसांत गाणाऱ्यांना जागाच नव्हती, ती १९५९ पासून मिळाली.

याच लताबाईंनी मराठीत चालीही लावल्या, पण 'आनंदघन' या टोपणनावानं. १९६३ चा 'मोहित्यांची मंजुळा' आणि १९६५ चा 'साधी माणसं' हे भालजी पेंढारकरांचे चित्रपट. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्याचा पुरस्कार मिळाला, तेव्हा आनंदघन म्हणजे कोण हे लोकांना कळलं.

आणि हंसा वाडकर. १९५९ चा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद थिएटरात तब्बल अडीच वर्षं चालला. पुढे हंसाबाईंनी याच नावानं आत्मकथा सांगितली, ती १९७० साली पुस्तक म्हणून आली. लहान वयात घर चालवायला कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली मुलगी, तिच्या कमाईवर जगणारी माणसं, दारू, फसवणूक, काहीही न झाकता त्यांनी सांगितलं. त्यावरूनच श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' काढला, त्यात स्मिता पाटील होत्या. नट्यांची मजा असते असं वाटणाऱ्या पोरींनी हे पुस्तक वाचावंच.

गटात सिनेमा बघायचा तर

यातले बरेच सिनेमे आता मोबाइलवर मिळतात. महिन्याची बैठक आटोपली की एक सिनेमा दोन बैठकांत विभागून बघता येतो. सुरुवात 'संत तुकाराम'नं करा, सासवाही आनंदानं येतील. मग 'कुंकू' लावा. त्यानंतर १९५३ चा आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई'. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा हा चित्रपट बघताना डोळ्यांना पदर लावा, पण त्या घरावरच्या कर्जाकडेही लक्ष ठेवा. त्या आईच्या गावात बचत गट असता तर काय झालं असतं, यावर बोला.

बघून झाल्यावर लगेच उठू नका. कोणती बाई पटली, कोणती नाही, शेवट आपण कसा केला असता, हे प्रत्येकीनं सांगायचं. न पटलेलं बोलायला कचरायचं नाही.

आणि एक काम आधीच करायचं. जुन्या सिनेमात नावांच्या पाट्या सुरुवातीला येतात. गटात ज्या नुकत्या वाचायला शिकल्या आहेत, त्यांनी पुढे बसावं आणि ती नावं मोठ्यानं वाचावीत. पाटी भरभर सरकली तर सिनेमा थांबवा, पुन्हा मागे घ्या, पण बायकांची नावं सुटू देऊ नका. सरस्वतीबाईंसारख्या कितीतरी जणींची नावं पाटीवर सापडणार नाहीत. ती आपण आपली आठवणीनं घ्यायची.