हजार दूरध्वनींचे स्थलांतर

मोठ्या कचेरीतील हजार दूरध्वनी नव्या यंत्रणेत न्यावयाचे, तर प्रत्येक यंत्र हाताने जुळविणे अशक्यप्राय होय. परंतु संगणकजालावर चालणाऱ्या दूरध्वनीस कारखान्यातच १२ चिन्हांची स्वतंत्र ओळख दिलेली असते. ही ओळख व नवा क्रमांक कोष्टकात ओळीने मांडतात. यंत्र सुरू होताच आपल्या ओळखीची सूचनापत्रिका मध्यवर्ती संगणकाकडून मागून घेते.

मात्र यंत्रणेतील एकच नियम सर्व यंत्रांना लागू होतो. २०१३ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका मुलीने हॉटेलातून संकटकाळी ९११ हा क्रमांक लावला. बाहेरच्या मार्गासाठी आधी ९ दाबण्याचा नियम असल्याने तो लागला नाही. २०१८ च्या कायद्याने तेथील नव्या यंत्रणांतून थेट ९११ लागणे बंधनकारक झाले. म्हणून स्थलांतरापूर्वी मोजक्या यंत्रांवर चाचणी घेणे अगत्याचे ठरते.