आई-बाबा, नातवंडं आणि ऑर्लँडोतली भाड्याची गाडी

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे आलेल्या आई-बाबांना घेऊन फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला जायचं, हा तिथल्या मराठी घरांत हमखास ठरणारा बेत. हल्ली पुण्या-मुंबईहून थेट जाणारी कुटुंबंही बरीच दिसतात. विमानाची आणि पार्कची तिकिटं काही महिने आधी काढली जातात. गाडीचं मात्र शेवटच्या आठवड्यात बघितलं जातं आणि यादीत सगळ्यात वर जी स्वस्त दिसेल ती घेतली जाते. गाडीचा खरा खर्च त्या रोजच्या भाड्यावरून कळत नाही. मुक्काम कुठे आहे, मुलं किती वर्षांची आहेत आणि चालवणाऱ्याकडे कोणता विमा आहे, या तीन गोष्टींवर तो ठरतो.

आधी मुक्काम, मग गाडी

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली सुरू झालं. त्याची जागा साधारण २५,००० एकर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाएवढी. त्यात मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम ही चार मोठी पार्क, दोन वॉटर पार्क आणि डिस्नेची स्वतःची हॉटेलं आहेत. या हॉटेलांतून सगळ्या पार्कना बस जातात. काही ठिकाणांहून मोनोरेल, बोट किंवा स्कायलायनर ही केबल-कारही मिळते, आणि हे सगळं फुकट. तुम्ही डिस्नेच्याच हॉटेलात उतरणार असाल आणि डिस्नेबाहेर पाऊल टाकणार नसाल, तर आठवडाभर गाडी घेऊ नका. ती पार्किंगमध्ये नुसती उभी राहील. पूर्वी विमानतळावरून डिस्नेच्या हॉटेलांपर्यंत मोफत बस होती. ती २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. आता पैसे देऊन बस किंवा टॅक्सी करावी लागते. दोन्ही बाजूंचा तो खर्च धरूनही आठवड्याच्या गाडीपेक्षा स्वस्त पडतं.

किसिमी किंवा डेव्हनपोर्टला स्वयंपाकघरासकट अख्खं घर भाड्याने घेतलंत, तर मात्र गाडीशिवाय गत्यंतर नाही. तीन पिढ्या एकत्र जात असतील तर मी हेच घर सुचवीन. सकाळी चहा आपल्या हाताचा होतो, आजोबांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या जातात, आणि पोळीभाजीचे रोल करून सोबत नेता येतात. डिस्नेच्या पार्कांत बाहेरचं खाणं चालतं. फक्त काचेच्या बाटल्या, दारू आणि तिथे गरम करावं लागेल असं काही नको. शाकाहारी ज्येष्ठांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

दोन्हींच्या मधला एक मार्ग आहे. डिस्नेच्या दिवसांत गाडी नको. युनिव्हर्सल, पूर्वेला तासाभरावरचं केनेडी स्पेस सेंटर किंवा विंटर हेवनचं लेगोलँड करायचं असेल, तेवढ्याच दिवसांची गाडी शहरातल्या शाखेतून घ्यायची. युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क मे २०२५ मध्ये उघडलं. ते जुन्या दोन पार्कांना लागून नाही, काही मैलांवर वेगळ्या जागी आहे, हे लक्षात ठेवून दिवस आखा.

सात माणसं, सात बॅगा

वेबसाइटवर ‘सेव्हन सीटर एसयूव्ही’ दिसली की आपण निश्चिंत होतो. अशा बऱ्याच गाड्यांत तिसरी रांग उघडली की मागे जेमतेम दोन-तीन छोट्या बॅगांची जागा उरते. सात माणसांना सामानासकट जायचं तर मिनीव्हॅन घ्या. टोयोटा सिएना किंवा क्रायस्लर पॅसिफिका या तिथे नेहमी दिसणाऱ्या. तळ खालचा असतो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आजीला पाय फार उचलावा लागत नाही. दारं सरकती असल्याने दाटीच्या पार्किंगमध्येही झोपलेलं मूल उचलून आत ठेवता येतं. मिनीव्हॅन मोजक्याच असतात. नाताळ, थँक्सगिव्हिंग आणि मार्चमधल्या शाळांच्या सुट्टीत त्या आधी संपतात, म्हणून बुकिंग लवकर करा. रद्द करण्याची मुभा असलेलं बुकिंग घेतलं तर पुढे भाव उतरल्यावर बदलताही येतं.

परवाना आणि कार्ड

भारताचा वैध परवाना असलेल्या पाहुण्याला फ्लोरिडात गाडी चालवता येते. तरीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. तो एक वर्ष चालतो. नुसता तो दाखवून भागत नाही, मूळ परवाना सोबत लागतोच. चालकाचं वय २५ पेक्षा कमी असेल तर बहुतेक कंपन्या रोजचा जादा आकार लावतात.

खरी अडचण कार्डाची होते. गाडी ताब्यात घेताना मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं आणि त्यावर काही रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवतात. भारतातून भरून आणलेलं फॉरेक्स कार्ड प्रीपेड असतं. काउंटरवर ते सहसा घेत नाहीत. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि क्रेडिट कार्ड बायकोचं, असंही चालत नाही.

बाबांचं नाव दुसरा चालक म्हणून घालायचं का, हा प्रश्न घरोघरी निघतो. ज्यांनी आयुष्यभर डाव्या बाजूने गाडी चालवली, त्यांनी उजव्या बाजूची सवय ऑर्लँडोच्या आय-फोर महामार्गावर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चालवायला दोन माणसं हवीतच असतील, तर दुसऱ्याचं नाव करारात घाला. ज्याचं नाव करारात नाही त्याच्या हातून अपघात झाला, तर घेतलेला विमा उपयोगी पडत नाही.

विमा: इथे पैसे वाचवू नका

काउंटरवरचा माणूस स्क्रीन तुमच्याकडे वळवतो. एकेका ओळीपुढे हो किंवा नाही निवडायचं असतं. मागे रांग असते, मुलं कंटाळलेली असतात, आणि आपण एक तर सगळ्याला हो म्हणतो नाही तर सगळ्याला नाही. त्या ओळींचा अर्थ घरूनच समजून गेलं पाहिजे.

मुख्य ओळी दोन. पहिली कंपनीच्या गाडीच्या नुकसानीबद्दल असते. तिला सीडीडब्ल्यू किंवा एलडीडब्ल्यू म्हणतात. दुसरी लायबिलिटी, म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याला झालेली इजा किंवा दुसऱ्याचं नुकसान. पहिल्यातला जास्तीत जास्त धोका एका गाडीच्या किमतीएवढा आहे. दुसऱ्याला वरची मर्यादा नाही, कारण अमेरिकेतले इस्पितळाचे आणि वकिलांचे आकडे एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी संपवू शकतात. फ्लोरिडातल्या गाडीमालकावर कायद्याने जो विमा सक्तीचा आहे, त्याची रक्कम अगदी थोडी आहे: स्वतःच्या वैद्यकीय खर्चासाठी १०,००० डॉलर आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी १०,००० डॉलर. तेवढ्यावर विसंबू नका.

अमेरिकेत स्वतःची गाडी असलेल्यांचा विमा बहुधा भाड्याच्या गाडीलाही लागू होतो. निघण्यापूर्वी विमा कंपनीला फोन करून खात्री करून घ्या. क्रेडिट कार्डासोबत मिळणारं संरक्षण सहसा फक्त पहिल्या ओळीपुरतं असतं, आणि तेही काउंटरवरचा सीडीडब्ल्यू नाकारून पूर्ण भाडं त्याच कार्डाने भरलं तरच. लायबिलिटी त्यात नसते. जर्सी सिटीत किंवा न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या, स्वतःची गाडी नसलेल्या तरुण जोडप्यांचं इथेच दुर्लक्ष होतं. त्यांनी लायबिलिटी विकत घ्यावी. भारतातून थेट येणाऱ्यांनी सीडीडब्ल्यू आणि लायबिलिटी दोन्ही धरलेलं पॅकेज घरूनच बुक करावं, व्हाउचरवर दोन्ही शब्द आहेत का ते वाचावं, आणि मग काउंटरवर तेच पुन्हा विकत घेऊ नये. भारतात काढलेल्या प्रवास विम्यात गाडीच्या अपघाताची ही जबाबदारी साधारणपणे धरलेली नसते.

मुलांची सीट

फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे ५ वर्षांपर्यंतच्या मुलाला चाइल्ड सीट लागते. ३ वर्षांपर्यंत पट्ट्यांची पूर्ण सीट हवी. ४ आणि ५ वर्षांच्या मुलाला बूस्टर चालतो. आईच्या मांडीवर बसवून नेणं बेकायदा आहे, आणि अपघातात ते जिवावर बेतू शकतं.

कंपनीकडून सीट घेतली तर तिचं भाडं रोज लागतं. आठवड्याच्या भाड्यात वॉलमार्ट किंवा टार्गेटमधून नवा साधा बूस्टर सहज येतो. अमेरिकेतल्या बहुतेक विमान कंपन्या मुलाची सीट सामानात फुकट नेऊ देतात, त्यामुळे घरची, हाताखालची सीट नेणं सर्वांत चांगलं. कंपनीची माणसं सीट बसवून देत नाहीत. ते काम वाहनतळावर, उकाड्यात, आपल्यालाच करावं लागतं. कसं बसवायचं ते आधी एकदा घरी करून पाहा.

टोल

विमानतळावरून डिस्नेकडे जाणारे ५२८ आणि ४१७ हे दोन्ही सोयीचे रस्ते टोलचे आहेत. बऱ्याच ठिकाणी रोख घेत नाहीत. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि बिल गाडीच्या कंपनीकडे जातं. कंपनी टोलवर स्वतःचा रोजचा सेवा आकार लावते. काही डॉलरच्या टोलापायी मग त्याच्या कितीतरी पट रक्कम कार्डावरून जाते.

यावर चांगला उपाय आहे. ऑर्लँडो विमानतळावर भाड्याची गाडी घेऊन तिथेच परत करणाऱ्यांसाठी तिथल्या एक्स्प्रेसवे प्राधिकरणाचा ‘व्हिजिटर टोल पास’ मिळतो. अ‍ॅपवर नोंदणी करायची, विमानतळावरच्या यंत्रातून टॅग घ्यायचा, गाडीतल्या आरशाला अडकवायचा आणि जाताना तिथल्या पेटीत टाकायचा. खर्च फक्त टोलचा. टॅग घेतल्यावर काउंटरवर कंपनीची टोल योजना नको म्हणून सांगायला विसरू नका.

पार्किंग आणि मॅजिक किंगडमची सकाळ

डिस्नेच्या पार्कांत गाडी लावायचे दिवसाला ३० डॉलरच्या वर लागतात. एकदा भरले की त्या दिवशी चारही पार्कांत ते चालतात. डिस्नेच्या हॉटेलांत उतरलेल्यांना पार्कचं पार्किंग फुकट, आणि २०२३ पासून हॉटेलवरचं रात्रीचंही.

मॅजिक किंगडमला गाडी पार्काच्या दारापर्यंत जात नाही. ती तळ्याअलीकडच्या मोठ्या वाहनतळावर लावायची, तिथून ट्रामने किंवा पायी स्थानकावर यायचं, बॅगा तपासून घ्यायच्या, आणि मग मोनोरेलने किंवा फेरीबोटीने तळं ओलांडून पार्काच्या दारात उतरायचं. आजी-आजोबा आणि ढकलगाडीतलं मूल सोबत असेल तर यात पाऊण तास धरा. सिम्बा, जाफर, उर्सुला अशी तळाच्या भागांना नावं आहेत. भागाचं नाव आणि रांगेचा नंबर यांचा फोटो काढून ठेवा. आतषबाजी संपल्यावर हजारो लोक एकदम परततात, त्या अंधारात सगळ्या पांढऱ्या मिनीव्हॅन सारख्याच दिसतात. ज्येष्ठ थकलेले असतील तर आतषबाजीच्या अर्धा तास आधीच निघावं. मुलांना ती पाहायचीच असेल तर एकाने आई-बाबांना घरी सोडून परत यावं. आपली गाडी असल्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला हाच वाटतो.

गाडी उन्हात तापते. मुलाला ‘दोन मिनिटं’ म्हणूनसुद्धा आत ठेवू नका. जून ते सप्टेंबर दुपारी विजांसह जोराचा पाऊस येतो. तेव्हा महामार्गावर असाल तर बाहेर पडून एखाद्या दुकानापाशी थांबलेलं बरं.

पेट्रोल आणि परतफेड

पंपावर कार्ड घातलं की यंत्र झिप कोड मागतं. भारतातल्या कार्डाला तो नसतो, म्हणून यंत्र कार्ड नाकारतं. आत जाऊन पंपाचा नंबर आणि रक्कम सांगून पैसे द्या. कमी भरलं तर उरलेले परत मिळतात. हिरव्या मुठीचा पाइप सहसा डिझेलचा असतो, त्याला हात लावू नका.

टाकी विमानतळाच्या अगदी तोंडाशी भरू नका. तिथल्या पंपांचा दर जास्त असतो. काही मैल अलीकडेच भरा. गाडी घेताना चारही बाजू, चाकं, काच आणि डॅशबोर्ड यांचे फोटो घ्या. परत करताना तेच फोटो पुन्हा घ्या आणि मायलेज-इंधनाची पावती मागून घ्या. भाड्याचा दिवस २४ तासांचा मोजतात, तेव्हा सकाळी दहाला घेतलेली गाडी दुपारी परत केली तर जादा आकार लागू शकतो. टोल किंवा दंडाची बिलं काही आठवड्यांनीही कार्डावर येतात, त्यामुळे करार आणि फोटो दोन महिने तरी जपून ठेवा.