बैलाची झूल, आंब्याचं पान आणि मुलाचं नाव

पोळा जवळ आला की सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात लाकडी नंदीबैल दिसू लागतात. चाकांचे, दोरी बांधून ओढायचे. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो सुरू केला असं नागपुरात सांगतात. आमच्या बालवाडीत त्या आठवड्यात एकच उद्योग असतो, बैलाची झूल. पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर मुलाच्या नावाची अक्षरं. झूल घरी गेली की दुसऱ्या दिवशी पालक भेटतात आणि दरवर्षी तेच समज पुन्हा ऐकू येतात. काही समजांचा मुलांना खरोखर त्रास होतो.

‘आधी अ ते ज्ञ पूर्ण होऊ द्या, मग नाव.’ हा सगळ्यांत पक्का समज. मुलाची वाट मात्र वेगळी असते. त्याला लवकर ओळखू येतं ते स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरचा रिबेका ट्रायमन आणि व्हिक्टोरिया ब्रॉडरिक यांचा 1998 सालचा अभ्यास हेच सांगतो. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती पालकांपर्यंत पोचत नाही: नावातल्या अक्षराचं नाव मुलाला ठाऊक असतं, म्हणून त्याचा आवाजही ठाऊक असतो असं नाही. त्यामुळे ‘आमचा नाव लिहितो, आता वाचेलच’ ही घाईही चुकीची. साडेतीन वर्षांचं मूल आपलं नाव पुष्कळदा चित्रासारखं ओळखतं, रोजच्या दुकानाची पाटी ओळखावी तसं.

हस्तकला केली की अक्षर आपोआप येतं, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. एका वर्षी प्रत्येकाच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं काढून दिलं आणि त्यावर तुरीची डाळ चिकटवायला सांगितली. अर्धा तास मुलं मान खाली घालून रमली. नंतर एकाला विचारलं, “हे काय केलं रे?” तो म्हणाला, “डाळ.” त्याचं काही चुकलं नव्हतं. अर्धा तास त्याचं लक्ष डाळीवर होतं, अक्षराचं नाव त्याच्या कानावर एकदाही पडलं नव्हतं.

तेव्हापासून झुलीची रीत बदलली. मिहिर हे नाव घ्या. आधी टाळ्या वाजवायच्या: मि, हि, र. तीन टाळ्या, म्हणून तीन चौकोन. मूल चौकोन उचलतं, तोंडाने म्हणतं, मग चिकटवतं. इथे आपल्या लिपीची एक अडचण समोर येते. ‘मि’ म्हणताना म आधी ऐकू येतो आणि इकार नंतर, पण लिहिताना वेलांटी आधी, डावीकडे. मूल म लिहून वेलांटी त्याच्या उजवीकडे देतं तेव्हा ते कानाने ऐकल्याप्रमाणे लिहीत असतं. त्या चुकीला रागावू नका, ते नीट ऐकत असल्याची ती खूण आहे. आर्या हे नाव आणखी अवघड: बोलताना ‘आर्-या’, लिहिताना रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. म्हणून या वयात ‘र्या’, ‘श्रे’, ‘स्व’ ही अक्षरं मी सुटी करत नाही. अख्खं अक्षर एकाच चौकोनावर. फोड करून शिकायला पहिली-दुसरी आहेच.

माझ्या मते देवनागरीला सगळ्यांत शोभणारी हस्तकला म्हणजे तोरण. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात. दसऱ्याला किंवा गुढीपाडव्याला दोरी ताणून बांधायची, आंब्याच्या प्रत्येक पानावर खडूने एकेक अक्षर लिहून द्यायचं आणि मुलाने ती पानं डावीकडून उजवीकडे ओवायची. रेघ वर, अक्षरं खाली, क्रम ठरलेला. लिपीचा नियम न सांगता हाताला कळतो. संक्रांतीच्या पतंगाच्या शेपटीवर नाव लिहिणं दिसायला छान, पण तिथे अक्षरं वरून खाली जातात आणि नवख्या मुलाचा गोंधळ उडतो. शेपटी आडवी धरून अक्षरं लावून घेतली तर चालतं.

हिवाळ्यात संत्र्याची साल हाताशी असते. ताजी साल छान वळते, ग आणि र सुरेख होतात. दोन दिवसांनी ती वाळून आक्रसते आणि अक्षर वाकडं होतं. मुलं ते पुन्हा करायला मागतात आणि मला तेच हवं असतं. चिंचोके मात्र तीन वर्षांच्या मुलांना एकट्याने देऊ नका, नाकाकानात जातात.

‘महागडं साहित्य पाहिजे’ या समजावर फार बोलायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्या गावात मिळणाऱ्या वस्तूंवरच चालवल्या.

पेन्सिलीबद्दल मात्र बोलायलाच हवं. तीन वर्षांच्या मुलाला ठिपक्यांवरून पानभर नाव गिरवायला लावणं म्हणजे पाया पक्का करणं, असं अनेक घरांत मानतात. मनगटात आठ हाडं असतात आणि चार वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यांतली बरीचशी अजून कूर्चाच असतात. बोटांची ताकद काळी माती मळताना, पान ओवताना, साल सोलताना येते. मारिया माँटेसरींची मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरावरून आधी दोन बोटं फिरवत, पेन्सिल नंतर. बैलासाठी मळलेल्या मातीची वळी करून तिचं अक्षर वळवलं, तर पेन्सिल न धरताही मूल नाव ‘लिहितं’.

गेल्या पोळ्याला एक आजी काळजीने म्हणाल्या, “ताई, आमचं पोट्टं उलटंच लिहून राहिलं. डोक्यात काही बिघाड तर नाही ना?” र आरशातल्यासारखा, तोंड दुसरीकडे. मी त्यांच्यासमोर लाकडी बैल ठेवला आणि फिरवला. तोंड डावीकडे असो की उजवीकडे, बैल तो बैलच. वाटी, चप्पल, कुत्रा, सगळ्यांचं तसंच. जन्मापासून डोळा हेच शिकत आला आहे. फिरवल्यावर बिघडते अशी पहिली वस्तू मुलाला भेटते ती अक्षर, आणि हा नवा नियम अंगवळणी पडायला वेळ लागतो. सहा-सात वर्षांपर्यंत अशी अक्षरं सर्रास दिसतात. डिस्लेक्सियाचं मूळ बहुधा शब्दांतले आवाज वेगळे करण्यात असतं, डोळ्याला उलटं दिसण्यात नसतं. सात वर्षांनंतरही अक्षर आणि आवाज जुळत नसतील, तर तज्ज्ञांकडे जरूर जावं.

शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तरी पहिलं नाव घरच्या भाषेत शिकवावं, असं माझं मत आहे. ‘ह’ म्हटलं की ह ऐकू येतो. ‘एच’ म्हटल्यावर येत नाही. शिवाय नागपुरात एक वेगळी पंचाईत आहे. बाजारातले तक्ते पुष्कळदा हिंदीचे असतात. त्यातला ल दंडाला जोडलेला, आपला पाकळीचा. लावण्या, नील यांच्या झुलींसाठी मी अक्षरं हाताने काढते, कारण घरच्या भिंतीवर एक ल आणि झुलीवर दुसरा असला की चार वर्षांच्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बैल ओळीने लावले की बरेच एकसारखे दिसतात. या वर्षी एक मुलगा आपला बैल शोधत होता. एकापाशी बसला, झुलीच्या पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “हा नाही. याच्यात माझा मि नाही.” आणि पुढच्या बैलाकडे सरकला.